जुन्या ऐरणीचे योग्य मोल कसे ठरवावे?

खऱ्या हिऱ्याची परीक्षा ऐरणीवर होते, असे तुकोबाराय सांगून गेले आहेत. परंतु त्या ऐरणीचीच परीक्षा करण्याची वेळ आली, तर ती कोणी आणि कशी करावयाची? हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे मांडत आहोत आणि तो केवळ लोहारकाम करणाऱ्यांचा नाही. आपल्या बेटावर कित्येक मराठी घरांच्या मागील अंगणात, गोठ्याच्या जागी उभारलेल्या पत्र्याच्या खोलीत, किंवा आंब्याच्या झाडाखाली एक जुनी ऐरण गंजत पडलेली आहे. आजोबा साखर इस्टेटीच्या भट्टीवर कामाला होते, इस्टेटीने भट्टी बंद केली तेव्हा ती घरी आली, एवढेच घरच्यांना ठाऊक असते. मग एके दिवशी दाराशी भंगारवाल्याची गाडी येते, ‘लोखंडाच्या भावाने देता का?’ असे विचारते, आणि पुढच्या पाव तासात दोन पिढ्यांचे हत्यार गाडीत चढते.

ते विकू नये, असे आमचे म्हणणे नाही. ज्याला नको असेल त्याने अवश्य विकावे. परंतु काय विकतो आहोत हे समजून, आणि वाजवी मोल घेऊन विकावे. त्याचप्रमाणे घेणाऱ्यानेही वाजवी मोल देऊन घ्यावे. यासाठीच हा लेखप्रपंच.

या ऐरणी आल्या कोठून?

कोकणातील खेडेगावच्या लोहाराची ऐरण म्हणजे लाकडाच्या ओंडक्यात किंवा जमिनीत रोवलेला लोखंडाचा चौकोनी ठोकळा. तिला चोच नसते. लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक. कुळवाड्याचा नांगराचा फाळ, कोयता, कुदळ त्याने शेवटून द्यावी आणि सुगीला धान्याच्या रूपाने आपले बलुते न्यावे, अशी ती रीत होती. तेथे कामाला रोख दर नव्हता आणि ऐरणीला बाजारभावही नव्हता. ती बापाकडून मुलाकडे जात असे.

मॉरिशसमध्ये आपले पूर्वज आले तेव्हा येथील इस्टेटींवर वेगळ्याच ऐरणी होत्या. बेट १८१० पासून इंग्रजांच्या ताब्यात, तर बहुतेक इस्टेटींचे मालक फ्रेंच वंशाचे. त्यामुळे येथे दोन्ही घाटांच्या ऐरणी सापडणे स्वाभाविक आहे. इंग्रजी घाटाच्या ऐरणीला एका बाजूस निमुळती गोल चोच आणि दुसऱ्या बाजूस चौकोनी टाच असते. फ्रेंच व युरोपीय घाटाच्या पुष्कळ ऐरणींना दोन्हीकडे टोके असतात, एक गोल आणि एक चौकोनी. प्रत्येक साखर गिरणीला भट्टी लागे. बैलगाडीच्या चाकांना धाव चढविणे, खेचरांना नाल मारणे, कोयते व कुदळी दुरुस्त करणे, गिरणीचे तुटलेले भाग जोडणे, ही सारी कामे तेथे होत. पुढे ट्रॅक्टर आले, वेल्डिंग आले, आणि गिरण्याही एकामागून एक बंद होत गेल्या. बो प्लांची गिरणी १९९९ मध्ये बंद झाली आणि २००२ मध्ये तिथे साखरेचे संग्रहालय उघडले, हे वाचकांना माहीत आहेच. आज बेटावर चालू असलेल्या गिरण्या एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. गिरणी गेली की भट्टी जाते आणि भट्टी गेली की ऐरण कोणाच्या तरी अंगणात येते.

रेल्वेचीही एक आठवण येथे केली पाहिजे. आपल्या बेटावरील आगगाडी १८६४ मध्ये सुरू झाली. उतारूंची वाहतूक १९५६ मध्ये आणि मालाची १९६४ मध्ये थांबली. रूळ उखडले गेले, आणि हात-दीड हात लांबीच्या रुळाच्या तुकड्यावरही माणसे ठोकाठोक करू लागली. अशा तुकड्याला कोणी ‘ऐरण’ म्हणून विकत असेल तर तो लबाड नव्हे, कारण तिच्यावर हलके काम चांगले होते. परंतु तिचे मोल रुळाचे, ऐरणीचे नव्हे.

पहिली गोष्ट : वजन वाचा

ऐरणीचे मोल वजनावर सुरू होते, म्हणून प्रथम वजन समजले पाहिजे. ताराचा ब्रश आणि थोडे रॉकेल घेऊन ऐरणीची कंबर दोन्ही बाजूंनी साफ करावी. पुष्कळदा तेथे तीन आकडे कोरलेले सापडतात, उदाहरणार्थ १ · २ · १०. हे एकशे दहा नव्हे आणि एकशे वीसही नव्हे! ही जुनी इंग्रजी हंड्रेडवेटची पद्धत आहे. पहिला आकडा ११२ पौंडांचा, दुसरा २८ पौंडांचा, तिसरा सुट्या पौंडांचा. म्हणजे ११२ अधिक ५६ अधिक १०, एकूण १७८ पौंड; किलोत सांगायचे तर जवळजवळ ८१. तसेच ० · ३ · २१ म्हणजे ८४ अधिक २१, एकूण १०५ पौंड, अर्थात सुमारे ४८ किलो.

या पद्धतीत मधला आकडा तीनच्या वर कधी जात नाही आणि शेवटचा सत्तावीसच्या वर जात नाही. तसे आढळले तर ती दुसऱ्या देशाची ऐरण समजावी. फ्रेंच व इतर युरोपीय ऐरणींवर वजन सरळ किलोत असते, तर अमेरिकन ऐरणींवर सरळ पौंडांत.

येथे एक खड्डा आहे, तो सांभाळावा. आपल्या बाजारात ‘लिव्र’ म्हणजे अर्धा किलो धरतात. ऐरणीवरचा इंग्रजी पौंड ४५४ ग्रॅमचा. १७८ पौंडांची ऐरण १७८ लिव्र म्हणून विकली, तर घेणाऱ्याला आठ किलो लोखंडाचे पैसे फुकट मोजावे लागतात. म्हणून शक्य असेल तर काट्यावर वजन करावे. कोरलेल्या आकड्यापेक्षा खरे वजन थोडे कमी भरले तर ती झीज. बरेच कमी भरले तर टाच तुटली आहे किंवा माथा घासून काढला आहे, असे समजून अधिक बारकाईने पाहावे.

दुसरी गोष्ट : जात ओळखा

जुन्या चांगल्या ऐरणीचे अंग घडीव लोखंडाचे आणि माथ्यावर साधारण अर्धा इंच जाडीचा पोलादी पत्रा भट्टीत तापवून, ठोकून एकजीव केलेला असतो. इंग्लंडातील डडलीच्या पीटर राइटच्या आणि शेफील्डच्या माउसहोल भट्टीच्या ऐरणी अशा आहेत. पीटर राइटच्या ऐरणीवर ‘सॉलिड रॉट’ ही अक्षरे गोलात कोरलेली दिसतात. स्वीडनच्या कोलस्वासारख्या कारखान्यांच्या ऐरणी सबंध ओतीव पोलादाच्या असतात, त्याही उत्तम. तिसरी जात निव्वळ बीडाची. ती दिसायला तशीच, परंतु माथा मऊ, कडा ठिसूळ. तिच्या अंगावर बहुधा साच्याची उभी रेघ दिसते आणि पृष्ठभाग खरबरीत असतो. बीडाची ऐरण बागेत शोभेसाठी ठेवावी. तिच्यावर पोटाचा धंदा उभा करू नये.

तिसरी गोष्ट : ऐका आणि उसळी मोजा

पूर्वीचे लोहार हातोडीने हलके टिचकी मारून कान देत. घडीव लोखंडाची आणि पोलादाची ऐरण घंटेसारखी वाजते, बीडाची ‘थप्’ करते. ही परीक्षा चांगली, पण एकटीवर भरवसा ठेवू नये. ऐरण चिखलात रुतलेली असेल किंवा साखळीने आवळलेली असेल तर उत्तम ऐरणही मुकी होते. शिवाय अमेरिकेच्या फिशर कंपनीच्या ऐरणींचे अंग बीडाचे असून माथा पोलादी असतो. त्या मुळातच वाजत नाहीत, तरीही कामाला पक्क्या असतात. म्हणून ऐरण लाकडाच्या ओंडक्यावर ठेवून मग वाजवावी. एकाच ठिकाणी आवाज बद्द येत असेल तर तेथे माथ्याचा पत्रा अंगापासून सुटला आहे की काय, हा संशय घ्यावा.

खात्रीची परीक्षा छऱ्याची. लॉरीच्या जुन्या बेअरिंगमधला साधारण इंचभर व्यासाचा पोलादी छर्रा घ्यावा. ऐरणीवर फूटपट्टी उभी धरावी आणि दहा इंचांवरून छर्रा सोडावा. सात-आठ इंच किंवा त्याहून वर उसळला तर माथ्याचे पाणी शाबूत आहे. पाच इंचांच्या खाली राहिला तर माथा मऊ आहे. ही परीक्षा एकाच जागी नव्हे, माथ्याच्या आठ-दहा जागी करावी. कंबरेच्या वर उसळी सर्वांत चांगली मिळते, टाचेकडे थोडी कमी. तेवढा फरक चालतो. चोचीमागच्या खालच्या पायरीवर मात्र छर्रा टाकू नये, कारण ती जागा मुद्दाम मऊ ठेवलेली असते. लोखंड छिन्नीने तोडायचे ते तिच्यावर, म्हणजे छिन्नीची धार बोथट होत नाही.

सगळीकडेच उसळी कमी आली तर ऐरण कधीतरी आगीत सापडली असावी. इस्टेटीची इमारत जळाली, छप्पर ऐरणीवर कोसळले, तासन्‌तास ती निखाऱ्यात राहिली, की पोलादाचे पाणी उतरते. बाहेरून ती ठणठणीत दिसते. अशा वेळी कडेला कानस लावून पाहावी. कानस घसरली तर पोलाद कठीण. कानस खात गेली तर पाणी उतरले आहे.

आणि एक विनंती. परीक्षा करण्याच्या नावाखाली दुसऱ्याच्या ऐरणीच्या उघड्या माथ्यावर घण घालू नये. कठीण पोलादावर कठीण पोलाद आपटले की कपची उडते; डोळाही जातो आणि सौदाही जातो.

चौथी गोष्ट : कोणता दोष मोठा, कोणता लहान?

गंज पाहून घाबरू नये. आपल्या खाऱ्या हवेत कोणत्या लोखंडाला गंज चढत नाही? वरवरचा गंज आठवडाभर काम केले की जातो. माथ्यावर खोल खळगे पडले असतील तर मात्र किंमत उतरते, कारण त्यांची छाप तापलेल्या कामावर उमटते. चोचीवरचे व पायरीवरचे घाव किरकोळ समजावेत.

माथ्यावर सरळ पट्टी ठेवून मध्ये किती खोलगट आहे ते पाहावे. थोडी खोलगट ऐरण वाकडी सळई सरळ करायला उलट सोयीची असते. बोटभर फट दिसत असेल तर मात्र ती बरीच झिजलेली आहे. कडांचे तसेच. सगळी कड धारदार असलीच पाहिजे असे नाही, लोहार स्वतःच काही कड गोल करतात. पण कोठेतरी चार-पाच इंच चांगली कड हवी. टाचेतील चौकोनी भोक फुटलेले नसावे, कारण खालची हत्यारे त्यातच बसवतात.

मोठे दोष तीन. पहिला, कंबरेला आडवी चीर. दुसरा, माथ्याचा पत्रा सुटणे. तिसरा, आणि आमच्या मते सर्वांत वाईट, अर्धवट ज्ञानाने केलेली ‘दुरुस्ती’. ऐरण चकचकीत दिसावी म्हणून कोणी माथा ग्राइंडरने घासतो. तो अर्धा इंचाचा पोलादी पत्रा म्हणजेच ऐरणीचे आयुष्य; त्यातून जेवढे घासाल तेवढी वर्षे वजा झाली. कोणी तुटक्या कडेवर ऐरण न तापवताच वेल्डिंग करतो. मग त्या जागी कोठे ठिसूळ, कोठे मऊ असे डाग राहतात. ताज्या जाड रंगाने मढवलेली ऐरण दिसली, तर रंगाखाली काय भरले आहे हे खरवडून पाहण्याची परवानगी मागावी. परवानगी मिळाली नाही, तर उत्तर मिळाले असे समजावे.

आता हिशेब

आपल्या बेटावर ऐरणींचा बाजार भरत नाही; घेणारे थोडे आणि विकणारेही थोडे. म्हणून ‘चालू भाव’ असा काही सांगता येत नाही. परंतु दोन भिंती बांधता येतात. तळाची भिंत म्हणजे मोडीचा भाव गुणिले किलो. याहून कमी किमतीला कोणी मागत असेल तर तो थट्टा करतो आहे. वरची भिंत म्हणजे तितक्याच वजनाची चांगली नवी पोलादी ऐरण परदेशातून मागवली, तर भाडे आणि कर धरून घरपोच किती पडेल ती रक्कम. जुन्या ऐरणीला याहून अधिक कोणी मागत असेल, तर तो आठवणींचे पैसे मागतो आहे.

या दोन भिंतींमध्ये आमचा ठोकताळा असा आहे. माथा सपाट, कडा चांगल्या, उसळी उत्तम असेल तर नव्याच्या तीन-चतुर्थांश. कामाने झिजलेली परंतु निरोगी असेल तर निम्मी. दुरुस्ती केलेली, टाच तुटलेली किंवा फार खोलगट असेल तर तृतीयांश किंवा त्याहून कमी. पाणी उतरलेली, चिरलेली किंवा बीडाची असेल तर मोडीपेक्षा थोडी अधिक.

समजा, केवळ हिशेब कळावा म्हणून, नवी ऐरण घरपोच किलोला ४०० रुपये पडते आणि मोडीचा भाव किलोला १० रुपये आहे. ऐरण ८० किलोची. तर वरची भिंत ३२,००० रुपये, तळाची ८०० रुपये. निरोगी पण झिजलेली म्हणून निम्मे, १६,००० रुपये. एका बाजूची कड बरीच तुटली आहे म्हणून दहावा हिस्सा वजा, राहिले १४,४००. बरोबर सांडस, घण, भाता मिळत असेल तर त्यांचे वेगळे मोल मिळवावे. उचलून न्यायची गाडी आणि चार माणसे घेणाऱ्याची असतील तर तो खर्च वजा करावा. प्रत्यक्ष दर त्या दिवशी चौकशी करून घालावेत. रीत मात्र हीच.

आठशे आणि चौदा हजार! या दोन आकड्यांमधले अंतर वाचकांनी जरा डोळ्यांपुढे आणावे. भंगारवाल्याच्या गाडीत जे चढते ते हे अंतर असते.

शोभेसाठी घेणारे गिऱ्हाईक निराळे. हॉटेलच्या अंगणात किंवा बंगल्याच्या दाराशी ठेवण्यासाठी कोणी ऐरण घेतो, तेव्हा तो उसळी पाहत नाही, रूप पाहतो. त्याला बीडाची किंवा मऊ पडलेली ऐरण विकायला हरकत नाही. मात्र ती कशी आहे हे सांगून विकावी. चांगली ऐरण मात्र, दोन पैसे कमी आले तरी, काम करणाऱ्या हाताला द्यावी असे आम्हाला वाटते. बेटावर लोखंडी जाळ्या, फाटके, घोड्यांचे नाल आणि हत्यारे घडवणारे अजून आहेत. एखाद्या तरुणाला नवी ऐरण परवडत नाही. जुनी मिळाली तर त्याची भट्टी पेटते.

घरातला सौदा

सर्वांत अवघड सौदा परक्याशी नसतो, घरच्यांशी असतो. वडील गेले, घराची वाटणी झाली, आणि राहिली ऐरण. ती काही कापून वाटता येत नाही. एक भाऊ म्हणतो मी ठेवतो. दुसरा म्हणतो फुकट का? अशा ठिकाणी एक सोपी रीत आहे. वर सांगितल्याप्रमाणे दोघांनी मिळून परीक्षा करावी. मग एकाने मोल सांगावे, आणि त्या मोलाने ऐरण घ्यावी की आपल्या हिश्शाचे पैसे घ्यावेत, हे दुसऱ्याने निवडावे. ज्याला मोल सांगायचे आहे तो ते फार वरही सांगत नाही आणि फार खालीही नाही, कारण निवड त्याच्या हाती नसते. बहिणींना या वाटणीत धरावयाचे विसरू नये. ऐरण पुरुषांची असे कोणी म्हणेल. पण भात्याची दोरी ओढणारे हात घरोघर आईचे आणि आजीचेही होते.

जेथे घेणारा जाणता आणि विकणारी एखादी वृद्ध आजी, तेथे सगळी जबाबदारी जाणत्याची. ‘आजी, ही लोखंडाच्या भावाची वस्तू नाही’ एवढे एक वाक्य त्याने सांगितलेच पाहिजे. ते न सांगता आठशे रुपये हातावर ठेवणारा कायद्याने चोर ठरणार नाही, परंतु पुढच्या दसऱ्याला त्या ऐरणीला हळदकुंकू वाहताना त्याचा हात थोडा थरथरेल. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो ती काही लोखंडाची नव्हे, त्यावर झालेल्या कष्टांची.

शेवटी एक सूचना. विका अथवा ठेवा, पण ऐरणीबरोबर एक कागद अवश्य करा. कोणत्या इस्टेटीवरून आली, कोण तिच्यावर काम करत असे, कोरलेले आकडे काय आहेत, हे लिहून ठेवा. पूर्वजांचे नाव, गाव आणि आगमनाचे वर्ष शोधावयाचे असेल तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. तेथे चौकशी करता येते. त्या कागदाने किंमत वाढेलच असे नाही. परंतु ऐरण ज्याच्या दारी जाईल, त्याला ती कोणाची होती हे कळेल.

मोडीत गेलेली ऐरण वितळते आणि तिच्याबरोबर तिच्यावरचे आकडेही वितळतात. म्हणून भंगारवाल्याला होकार देण्याआधी एक छर्रा, एक फूटपट्टी आणि अर्धा तास, एवढे तरी त्या ऐरणीसाठी काढावे, ही वाचकांना नम्र विनंती.